बांध कोण राखणार? बांगलादेशाच्या अनुभवातून हवामान-धोरण आखण्याची पद्धत

भोला चक्रीवादळाने १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर किमान तीन लाख माणसांचा बळी घेतला. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात चितगाव आणि कॉक्स बाजारच्या पट्ट्यात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘सिद्र’ हे तसेच प्रचंड वादळ आले, तेव्हा मृतांचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. मे २०२० मधल्या ‘अम्फान’मध्ये बांगलादेशात तो तीसच्या आत होता. दरम्यानच्या काळात देशाची लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली होती. मात्र याच किनाऱ्यावर मे २००९ मध्ये आलेल्या, त्यामानाने सौम्य अशा ‘आयला’ने खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांतले मातीचे बांध फोडले आणि हजारो कुटुंबांना पुढची काही वर्षे त्याच फुटक्या बांधांवर झोपड्या घालून काढावी लागली.

एकच देश पूर्वसूचनेच्या बाबतीत जगाला धडा घालून देतो आणि बांधांच्या बाबतीत वर्षानुवर्षे तिथेच अडकून राहतो, याचे कारण पैशाच्या कमतरतेत पूर्णपणे सापडत नाही. पूर्वसूचनेच्या यंत्रणेला गावोगावी धनी आहेत आणि बांधांना ते नाहीत, हे त्याचे खरे कारण आहे. हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे, म्हणजे अनुकूलनाचे, आणि हरितगृह वायू कमी करण्याचे, म्हणजे शमनाचे, कोणतेही धोरण आखताना ‘हे उभारल्यावर दरवर्षी कोण राखणार आणि कोणाच्या खर्चाने?’ हा प्रश्न पहिल्या पानावर असला पाहिजे, असे माझे मत आहे. स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, प्रशासनातील अधिकारी आणि पर्यावरण-धोरणाचे विद्यार्थी यांच्यासाठी ही पद्धत पुढे पायरीपायरीने मांडली आहे.

पायरी १: देशाचा नव्हे, भूभागाचा धोका मांडा

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या एकत्रित खोऱ्याचा जेमतेम सात-आठ टक्के भाग बांगलादेशात येतो. उरलेल्या खोऱ्यावर पडणाऱ्या पावसाचे पाणी मात्र याच देशातून समुद्राला जाते. १९९८ च्या पुरात देशाचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग पाण्याखाली होता. असे असले तरी ‘बांगलादेश पूरग्रस्त आहे’ या वाक्याचा धोरणाला काही उपयोग नाही, कारण वायव्येकडच्या बरिंद पठारावर भूजल खाली जाते आहे, ईशान्येकडच्या हाओर नावाच्या बशीसारख्या खोलगट प्रदेशात मेघालयातून अचानक लोंढा येतो, जमुनेकाठी (ब्रह्मपुत्रेच्या मुख्य प्रवाहाला बांगलादेशात जमुना म्हणतात) नदी जमीनच गिळते आणि दक्षिणेत प्यायचे पाणी खारट झाले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या ‘डेल्टा प्लॅन २१००’मध्ये म्हणूनच देशाची सहा धोकाक्षेत्रांत विभागणी केली आहे: किनारपट्टी, बरिंद व अवर्षणप्रवण प्रदेश, हाओर व अचानक येणाऱ्या पुरांचा प्रदेश, चितगावचा डोंगराळ भाग, नद्या व त्यांची मुखे, आणि शहरे. आपणही आराखड्याची सुरुवात जिल्ह्यांच्या यादीने न करता अशा भूभागांनी करावी आणि प्रत्येकासाठी तिथला मुख्य धोका, तो ज्या महिन्यांत येतो ते महिने आणि त्याचा फटका बसणारे लोक यांची नोंद करावी.

याच टप्प्यावर आणखी एक काम प्रामाणिकपणे करावे लागते. समोर दिसणाऱ्या नुकसानीपैकी हवामान बदलामुळे किती झाले आणि इतर कारणांनी किती, हे वेगळे काढावे लागते. बांगलादेशात १९७३ मध्ये सुमारे ८ लाख ३३ हजार हेक्टर जमीन क्षारबाधित होती. २००९ मध्ये ती १० लाख ५६ हजार हेक्टर झाली. या वाढीला समुद्राची चढती पातळी कारण आहेच. पण १९७५ मध्ये सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यानंतर उन्हाळ्यात नैऋत्य भागात कमी झालेले गोडे पाणी, कोळंबीसाठी मुद्दाम आत घेतलेले खारे पाणी आणि खचत जाणारी जमीन हीसुद्धा कारणे आहेत. सगळे खापर हवामानावर फोडले की आंतरराष्ट्रीय निधी मागणे सोपे होते, पण गावातली उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार, कोणी आणि का उघडली हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

पायरी २: असलेले कागद आधी वाचा

बांगलादेशाकडे धोरणांची वाण कधीच नव्हती. २००५ मध्ये तातडीच्या अनुकूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम झाला. २००९ मध्ये हवामान बदल रणनीती व कृती आराखडा आला, ज्यात सहा स्तंभ आणि ४४ कार्यक्रम होते. त्यानंतर डेल्टा प्लॅन, २०२१ मधले सुधारित राष्ट्रीय उत्सर्जन-उद्दिष्ट आणि २०२३ ते २०५० या काळासाठीची राष्ट्रीय अनुकूलन योजना आली. या शेवटच्या योजनेत ११३ उपाय आहेत आणि त्यांचा एकूण खर्च सुमारे २३० अब्ज डॉलर, म्हणजे वर्षाला सरासरी आठ अब्ज डॉलरच्या वर, धरला आहे.

नव्याने काम करणाऱ्याने आणखी एक दस्तऐवज लिहिण्याऐवजी या सर्वांतील उपायांचा एकच तक्ता करावा. त्यात प्रत्येक उपायापुढे जबाबदार खाते, उभारणीचा खर्च, वार्षिक देखभालीचा खर्च आणि देखभाल करणारी स्थानिक संस्था असे चार रकाने ठेवावेत. शेवटचे दोन रकाने बहुतेक ठिकाणी रिकामे निघतील, आणि पुढच्या कामाची खरी यादी तीच असेल.

पायरी ३: माणसे वाचवणारी यंत्रणा सर्वांत आधी

कमी पैशात सर्वाधिक जीव वाचवणारा उपाय म्हणजे पूर्वसूचना. पण उपग्रहाचे चित्र पाहून कोणी घर सोडत नाही. १९७० च्या वादळाची माहिती हवामान खात्याला काही प्रमाणात होती, ती चरांवरच्या, म्हणजे गाळाने बनलेल्या बेटांवरच्या, माणसांपर्यंत कळेल अशा शब्दांत पोहोचली नाही. त्यानंतर रेड क्रॉस चळवळ आणि नव्या बांगलादेशाचे सरकार यांनी मिळून १९७२-७३ मध्ये चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा केला. आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रिया आहेत.

या कार्यक्रमाची साधने अगदी साधी आहेत: भोंगा, हाताने फिरवायचा सायरन, रेडिओ आणि झेंडे. एक झेंडा म्हणजे सावध राहा, दोन म्हणजे धोका, तीन म्हणजे निवाऱ्यात चला. लिहितावाचता न येणाऱ्या मच्छीमारालाही दुरून झेंडे मोजता येतात. दरवर्षी हंगामाआधी कवायत होते, सायरन वाजतो की नाही ते तपासले जाते आणि घर सोडायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला कोण समजावणार हेसुद्धा ठरलेले असते. पन्नास वर्षे ही यंत्रणा टिकली ती या वार्षिक उजळणीमुळे.

आराखड्यात ‘निवारे बांधणे’ एवढाच शब्दप्रयोग असेल तर तो अपुरा समजावा. १९९१ मध्ये पुरुषांपेक्षा स्त्रिया फार मोठ्या प्रमाणात मेल्या, आणि त्यामागची कारणे अभियांत्रिकीची नव्हती. निवाऱ्यात स्त्रियांना वेगळी जागा आणि शौचालय नव्हते, नवऱ्याच्या परवानगीवाचून घर सोडण्याची रीत नव्हती, अंगातली साडी पाण्यात पायांत गुंतत होती, आणि गाय-शेळ्या मागे टाकून जायला मन धजत नव्हते. यातल्या प्रत्येक कारणाला वेगळे उत्तर लागते. स्वतंत्र खोल्या, स्त्री स्वयंसेविका आणि जनावरांसाठी ‘किल्ला’ नावाने ओळखले जाणारे मातीचे उंच ओटे ही त्यांपैकी काही उत्तरे होत. निवारा खांबांवर उभा करून एरवी त्यात शाळा भरवण्याची पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. रोज वापरात असलेल्या इमारतीचे छत गळू लागले की मास्तर तक्रार करतात, आणि दहा वर्षांतून एकदा उघडणाऱ्या इमारतीची किल्लीसुद्धा वेळेवर सापडत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे आपत्ती येण्याआधी मदत. जुलै २०२० मध्ये जमुनेला मोठा पूर येणार असा अंदाज मिळताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर मोकळे झाले आणि कुरीग्राम, गाइबांधा, जमालपूर अशा नदीकाठच्या जिल्ह्यांत पुराचे पाणी चरम पातळीला पोहोचण्याच्या आत हजारो कुटुंबांच्या मोबाइल खात्यांत साडेचार हजार टका (बांगलादेशी चलन) जमा झाले. त्या पैशातून लोकांनी धान्य घेतले, जनावरे हलवली आणि कोंबड्या-शेळ्या पडत्या भावाने विकण्याची वेळ टाळली. हे करायचे असेल तर तीन गोष्टी कोरड्या दिवसांत ठरवून ठेवाव्या लागतात: कोणत्या पातळीचा अंदाज आला की पैसे सुटतील, कोणत्या कुटुंबांना सुटतील, आणि कोणाच्या सहीवाचून सुटतील. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते.

पायरी ४: बांध घालताना गाळाचाही विचार करा

बांगलादेशाच्या अनुभवातला सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगी धडा इथे आहे. साठच्या दशकापासून परदेशी सल्ल्याने किनाऱ्यावर मातीचे बांध घालून १३९ पोल्डर, म्हणजे चहूबाजूंनी बांधबंदिस्त केलेली क्षेत्रे, तयार करण्यात आली. भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवून आत वर्षभर भात घ्यावे हा हेतू होता आणि सुरुवातीची काही वर्षे तो सफलही झाला. त्याआधी या भागात जमीनदार ‘अष्टमासी’ बांध घालत. आठ महिने ते उभे राहत आणि पावसाळ्यात तोडले की नदीचा गाळ शेतांवर पसरे. ही रीत जमीनदारीबरोबर गेली. नवे बांध बारमाही झाल्यामुळे गाळ शेतांत न जाता नदीच्या पात्रातच साचू लागला, पात्र उंच झाले, आतली जमीन खाली राहिली आणि ऐंशीच्या दशकात जेसोर-खुलना भागातल्या सखल बिलांमधून, म्हणजे पाणी साचणाऱ्या खोलगट भागांमधून, पावसाचे पाणी बाहेर पडेनासे झाले. पुराच्या भीतीने घातलेल्या बांधांनीच आत बारमाही तळी निर्माण केली.

उपाय अभियंत्यांच्या आधी शेतकऱ्यांनी केला. १९९० मध्ये बिल डाकातिया आणि १९९७ मध्ये बिल भाइना इथे लोकांनी बांध तोडून भरतीचे पाणी आत घेतले. गाळ आत बसला, जमीन वर आली आणि ओहोटीच्या जोराने नदीचे पात्र खोल झाले. पुढे सरकारनेही ‘भरती-ओहोटी नदी व्यवस्थापन’ या नावाने ही पद्धत स्वीकारली; तिच्यात एकेका बिलात आळीपाळीने काही वर्षे भरती घेतली जाते. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, तरीही ती अनेक ठिकाणी अडली, कारण त्या काही वर्षांत ज्याचे शेत पाण्याखाली राहते त्याला भरपाई मिळायला विलंब होतो आणि कूळ म्हणून कसणाऱ्याला तर ती बहुतेक वेळा मिळतच नाही.

कोकणातल्या खारभूमीचे बांध आणि त्यांच्या उघाड्या, किंवा गोव्यातली खाजणे आणि त्यांच्या मानशी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल. उघाडीची झापे कोण उघडतो यावर आत भात पिकणार की मासे, हे ठरते, आणि त्यामुळे ती झापे म्हणजे गावातली सत्ता असते. बांगलादेशात ऐंशीच्या दशकात कोळंबीला भाव आल्यावर धनिकांनी बांधांना भोके पाडून नळ बसवले, खारे पाणी आत घेतले आणि बांध आतून पोखरले. पोल्डर क्रमांक २२ मध्ये भूमिहीनांनी याला विरोध केला. ७ नोव्हेंबर १९९० रोजी तिथल्या मोर्चावर झालेल्या हल्ल्यात करुणामयी सरदार या कार्यकर्त्या मारल्या गेल्या. त्या पोल्डरात आजही कोळंबीला मज्जाव आहे.

या अनुभवातून धोरणात उतरवण्याजोगे नियम असे निघतात. बांधाची उंची ठरवताना केवळ भरतीची नव्हे तर वादळी लाटेची आणि पुढील दशकांतल्या समुद्रपातळीची पातळी धरावी. बांधाच्या समुद्राकडील बाजूस खारफुटीचा पट्टा ठेवण्यासाठी जागा आधीच राखावी, कारण नंतर ती मिळत नाही. निचऱ्याचा आराखडा बांधाच्या आराखड्याबरोबरच मंजूर व्हावा. उघाडीच्या समितीत भूमिहीन, कुळे आणि स्त्रिया यांना मतासह स्थान असावे. आणि बांधाच्या प्रत्येक टप्प्यासाठी पगारी राखणदार नेमावा, जो रोज चालत जाऊन उंदीर-खेकड्यांची बिळे, भेगा आणि चोरून बसवलेले नळ पाहील. २०१३ मध्ये जागतिक बँकेच्या ४० कोटी डॉलरच्या साहाय्याने बांध उंच व भक्कम करण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. भक्कम बांध हवेतच. पण राखणदाराचा पगार अशा प्रकल्पांच्या हिशोबात किरकोळ असतो आणि नेमका तोच वगळला जातो.

पायरी ५: पाणी आणि पीक

पाण्याच्या बाबतीत गणित घरापासून मांडावे. किनाऱ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल असे साधारण १८० दिवस पावसाचा भरवसा नसतो. पाच माणसांच्या घरात पिण्यासाठी माणशी दोन लिटर धरले तर या काळासाठी १,८०० लिटर पाणी साठवावे लागते. हरित हवामान निधीच्या मदतीने २०१८ पासून खुलना आणि सातखीरा जिल्ह्यांत राबवलेल्या प्रकल्पात घरोघरी २,००० लिटरच्या टाक्या बसवल्या गेल्या त्या अशाच हिशोबाने. टाकी मोठी असून भागत नाही. पत्र्याला पन्हळ नीट हवी, पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडण्याची सोय हवी, आणि तोटी व झाकण मोडल्यास दुरुस्त करणारी गावातली व्यक्ती हवी. या भागात पूर्वी बसवलेले तळ्याकाठचे वाळूचे फिल्टर मोठ्या संख्येने बंद पडले, ते मुख्यतः वाळू धुवायचे काम कोणाचेच नसल्यामुळे. नव्या प्रकल्पात स्त्रियांचे गट थोडी वर्गणी गोळा करून देखभाल करतात आणि त्यातल्याच काहींना दुरुस्तीचे प्रशिक्षण दिले जाते, हा त्यातला अनुकरण करण्याजोगा भाग आहे.

पिकांच्या बाबतीत बांगलादेश भात संशोधन संस्थेने चांगले काम केले आहे. ब्री धान ४७ आणि ६७ हे वाण खारवट जमिनीत तग धरतात. ब्री धान ५१ आणि ५२ जवळपास दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा उभे राहतात. पण वाण प्रसिद्ध होणे आणि बियाणे वेळेवर गावात पोहोचणे यांत काही वर्षांचे अंतर असते, म्हणून आराखड्यात ‘नवे वाण’ असे न लिहिता ‘अमुक उपजिल्ह्यात अमुक महिन्यापर्यंत इतके बियाणे’ असे लिहावे. गोपाळगंज, पिरोजपूर आणि बरिसाल भागांत जलपर्णीचे थर रचून तरंगते वाफे करण्याची जुनी पद्धत आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये तिला जागतिक कृषी-वारशाचा दर्जा दिला. तिचे छायाचित्र हवामान परिषदांत आवर्जून दिसते. जिथे जलपर्णी आणि संथ पाणी आहे तिथेच ती चालते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

पायरी ६: स्थलांतर अपयश मानू नका

काही गावे वाचणार नाहीत. हे सरकारी आराखड्यात लिहायला कोणी धजत नाही, पण न लिहिल्याने माणसे ढाक्याच्या झोपडपट्टीत जायची थांबत नाहीत. दिवंगत हवामान-शास्त्रज्ञ सलीमुल हक आणि त्यांचे सहकारी यांनी दुसरा मार्ग सुचवला: माणसांचा लोंढा राजधानीकडे जाण्याऐवजी मोंगलासारखी मध्यम शहरे त्यांना सामावून घेण्यास तयार करावीत. मोंगला हे बंदर आहे, तिथे निर्यातप्रधान उद्योगांचे क्षेत्र असल्याने काम मिळते, आणि शहराभोवती बांध, निचरा व पिण्याच्या पाण्याची कामे झाली आहेत. आराखड्यात अशा शहरांची निवड करताना रोजगार, घरभाडे, शाळेतल्या जागा आणि मतदार यादीत नाव बदलण्याची सोय या गोष्टी पाहाव्यात. कॉक्स बाजारजवळ खुरुशकुल इथे वादळात घरे गमावलेल्या मच्छीमार कुटुंबांसाठी पाचमजली इमारती बांधल्या गेल्या. अशा पुनर्वसनात घराइतकाच होडी लावण्याच्या जागेचा आणि जाळी वाळवण्याच्या अंगणाचा प्रश्न महत्त्वाचा असतो.

पायरी ७: उत्सर्जन कमी करताना देशाचा स्वतःचा फायदा शोधा

जगाच्या एकूण उत्सर्जनात बांगलादेशाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे. त्यामुळे त्याने उत्सर्जन कमी केल्याने समुद्राची पातळी थांबणार नाही, हे स्पष्ट सांगावे. तरीही शमनाचे धोरण लागते, कारण इंधन आयात करावे लागते आणि डॉलर कमी आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय उद्दिष्टानुसार काहीच न केल्यास २०३० मध्ये उत्सर्जन ४० कोटी ९४ लाख टन होईल असे गृहीत धरले आहे, त्यातले ६.७३ टक्के स्वबळावर आणि आणखी १५.१२ टक्के बाहेरची मदत मिळाल्यास कमी करण्याचे वचन आहे. असे आकडे वाचताना आधी ‘काहीच न केल्यास’चा अंदाज तपासावा. तो फुगवलेला असेल तर काही न करताही कपात दिसते. स्वबळावरच्या कपातीचा सुमारे ९५ टक्के भाग ऊर्जाक्षेत्रातून यायचा आहे, म्हणजे धोरणाची खरी परीक्षा वीज खात्यात आहे.

२०२१ मध्ये सरकारने कोळशाचे दहा प्रस्तावित वीजप्रकल्प रद्द केले, ही मोठी गोष्ट होती. पण आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवरचे अवलंबन राहिले आणि २०२२ मध्ये त्याचे भाव कडाडल्यावर देशभर भारनियमन करावे लागले. जमिनीची टंचाई असलेल्या देशात कारखान्यांची छपरे हा सौरऊर्जेचा सर्वांत मोठा मोकळा पट्टा आहे. युरोपातल्या ग्राहकांच्या दबावामुळे तयार कपड्यांच्या उद्योगात हरित प्रमाणपत्र मिळवलेले २०० हून अधिक कारखाने उभे राहिले आहेत, तेव्हा या पट्ट्याला ग्राहकही आहे.

घरगुती सौरसंचांचा बांगलादेशी कार्यक्रम सविस्तर अभ्यासावा असा आहे. इडकॉल या सरकारी वित्तसंस्थेने २००३ पासून पुढच्या पंधरा वर्षांत ४१ लाखांच्या आसपास संच बसवले आणि सुमारे दोन कोटी लोकांच्या घरात दिवा आणला. संच फुकट नव्हता, हप्त्याने होता. हप्ता घ्यायला येणारा माणूसच बॅटरीचे पाणी तपासत असे आणि बॅटरीला पाच वर्षांची हमी होती. कालांतराने दुसऱ्या सरकारी योजनांतून फुकट संच वाटले जाऊ लागले, पाठोपाठ विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा लवकर आल्या, आणि हप्ते थकले. फुकट देणे गरिबांच्या हिताचे वाटते, पण त्यात दुरुस्तीला येणारा माणूस नाहीसा होतो.

शेतीत शमन आणि अनुकूलन एकत्र साधणारा एक स्वस्त उपाय आहे, तो आराखड्यात अवश्य घ्यावा. बोरो, म्हणजे हिवाळ्यात लावलेल्या, भाताच्या खाचरात सतत पाणी न ठेवता ते आळीपाळीने ओले-कोरडे ठेवायचे. यासाठी फूटभर लांबीचा, खालच्या अर्ध्या भागात भोके पाडलेला प्लास्टिकचा नळ चिखलात रोवतात आणि आतली माती काढून टाकतात. नळातले पाणी जमिनीच्या पातळीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुन्हा पाणी देतात, मात्र फुलोऱ्याच्या वेळी खाचर भरलेले ठेवतात. पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत बचत होते, मिथेन कमी सुटतो आणि उत्पन्न घटत नाही. हा उपाय कागदावर उत्तम असूनही पसरत नाही, कारण बहुतेक ठिकाणी पंपाचा मालक पाण्याचे पैसे हंगामाला एकरकमी घेतो. पाणी वाचवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. त्यामुळे धोरणात नळांचे वाटप लिहिण्याआधी पाणीपट्टीची पद्धत बदलण्याचे कलम लिहावे. डिझेल पंपांच्या जागी सौरपंप आणतानाही हीच सावधगिरी हवी, विशेषतः बरिंदमध्ये. फुकटच्या उन्हावर चालणारा पंप भूजल अधिक वेगाने उपसू शकतो.

पायरी ८: पैसा कुठून येईल आणि कुठे जाईल

बांगलादेशाने इतरांची वाट न पाहता २००९-१० मध्ये स्वतःच्या अर्थसंकल्पातून हवामान बदल ट्रस्ट फंड सुरू केला आणि पहिली तीन वर्षे दरवर्षी ७०० कोटी टका त्यात घातले. गरीब देशाने असे करणे ही नैतिक ताकद होती आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत तिचा उपयोगही झाला. पण नियमाप्रमाणे ३४ टक्के रक्कम ठेवीत ठेवायची होती, आणि त्या ठेवींपैकी मोठा हिस्सा पुढे डबघाईला आलेल्या एका खासगी बँकेत अडकून पडला. प्रकल्पांची निवड राजकीय शिफारशींवर होते, असे भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या बांगलादेश शाखेने वारंवार दाखवून दिले आहे. त्यामुळे निधी स्थापण्याच्या कायद्यातच तीन तरतुदी घालाव्यात: प्रकल्पनिवडीचे गुण जाहीर होतील, कामाच्या ठिकाणी रक्कम व ठेकेदाराचे नाव लिहिलेला फलक लागेल, आणि निधीच्या ठेवी कोणत्या बँकेत आहेत ते दरवर्षी प्रसिद्ध होईल.

बाहेरच्या पैशांत अनुदान कोणते आणि कर्ज कोणते हे वेगळे लिहावे. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने हवामानाच्या नावाने मंजूर केलेले सुमारे १.४ अब्ज डॉलर हे कर्ज आहे. शर्म अल-शेख इथल्या २०२२ च्या जागतिक हवामान परिषदेत ज्याचा निर्णय झाला तो हानी व नुकसान निधी तत्त्वतः भरपाईच्या जवळ जातो, पण त्यातली रक्कम गरजेच्या मानाने अगदीच तुटपुंजी आहे. व्यवहारात अधिक उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे देशातल्याच संस्थेला हरित हवामान निधीची थेट मान्यता मिळवून देणे. बांगलादेशात इडकॉल आणि पल्ली कर्म सहायक फाउंडेशन यांना ती मिळाली आहे, त्यामुळे परदेशी मध्यस्थामार्फत गेल्यास लागणारा वेळ आणि कमिशन वाचते. स्वतःच्या अर्थसंकल्पात खातेनिहाय हवामान-खर्च वेगळा दाखवण्याची पद्धतही तिथे २०१७-१८ पासून आहे. ती वाचताना नेहमीच्या रस्त्याला ‘हवामान’ची चिठ्ठी चिकटवलेली नाही ना, हे पाहावे.

पायरी ९: चिखलाचे वेळापत्रक आणि खजिन्याचे वेळापत्रक जुळवा

मार्च २०१७ च्या अखेरीस हाओर प्रदेशात नेहमीपेक्षा लवकर लोंढा आला आणि कापणीला दोन-तीन आठवडे उरलेले बोरो भात बुडाले. सुनामगंज जिल्ह्यात अनेक बांध अर्धवट होते. ठेकेदारांनी काम उशिरा सुरू केले होते, काही ठिकाणी केलेच नव्हते. त्यानंतर नियम बदलून ही कामे ठेकेदारांकडून काढून घेण्यात आली आणि बांधालगत ज्यांची शेते आहेत अशा शेतकऱ्यांच्या प्रकल्प समित्यांकडे सोपवण्यात आली. १५ डिसेंबरला सुरुवात आणि २८ फेब्रुवारीपर्यंत पूर्णता, अशी तारखांची चौकट घालून देण्यात आली. समित्यांतही वशिलेबाजी शिरली आहे आणि तारखा दरवर्षी पाळल्या जातात असे नाही. तरी अंतिम तारीख सगळ्या गावाला ठाऊक असल्यामुळे उशीर लपत नाही.

बांगलादेशाचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. मंजुरी, निविदा आणि पहिला हप्ता यांत पावसाळा व हिवाळा निघून जातो आणि मातीकामाचे पैसे नेमके मे-जूनमध्ये खर्ची पडतात, जेव्हा टाकलेली माती पहिल्याच सरीत वाहून जाते. म्हणून आराखड्याच्या शेवटच्या भागात प्रत्येक भूभागाचे ऋतुमान आणि निधी सोडण्याच्या तारखा शेजारी-शेजारी मांडाव्यात. मातीकामाचा निम्मा हप्ता नोव्हेंबरअखेर समितीच्या खात्यात जमा व्हावा, देखभालीची रक्कम उभारणीच्या रकमेपासून वेगळ्या लेखाशीर्षाखाली असावी म्हणजे ती दुसरीकडे वळवता येणार नाही, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात समिती, पाणी विकास मंडळाचा अभियंता आणि युनियन परिषदेचा (ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक संस्थेचा) अध्यक्ष यांनी बांध एकत्र चालून पाहावा. कुठे किती माती कमी पडली त्याची नोंद त्याच दिवशी परिषदेच्या फळ्यावर लिहावी. कालबैशाखीची, म्हणजे उन्हाळ्यातली वळवाची, वादळे सुरू होण्याआधी ती भरून काढायला तीन-चार आठवडे मिळतात.